कापडाचं कोडं

माझ्या पोराचं, पांडूचं, बोलणं बंद झालं, त्याला सव्वा महिना झाला होता. भांडण नाही, रुसवा नाही. ताट वाढलं की जेवायचा, गोठ्यातलं शेण काढायचा, आणि मग ओटीवर भिंतीकडे तोंड करून बसायचा.

भिंतीकडे तोंड म्हणजे काय, ते आमच्या घरात कळतं. पांडू मुंबईला गिरणीत साचेवाला. कापड विणणाऱ्या साच्यांच्या खडखडाटात अकरा वर्षं उभा राहून त्याचे कान बारा आणे गेले. त्या खात्यात कुणी कुणाचं ऐकत नाही, ओठ बघून समजून घेतात. घरीही तो आमच्या तोंडाकडे बघूनच बोलणं घ्यायचा. त्यानं तोंड फिरवलं की आमच्यापुरतं दार लागलं.

दार मीच लावलं होतं. ते आता सांगतो.

संपाला वर्ष होऊन गेलं होतं. पांडू गावी येऊन बसलेला. बरोबरीचे काही परत कामावर लागले, काही शिव्या घालत बसले. पांडू म्हणायचा, "मला बोलावलं तर मी जानार. लोक काय म्हनतील ते म्हनूदेत." पोस्टमन दिसला की उठून उभा राहायचा.

माघात आमच्या वाडीचा सप्ताह बसला, गुरुवारी. सप्ताहात वाडीत जे नवं येईल ते आधी विठोबाच्या पायाशी ठेवायचं आणि काल्याच्या कीर्तनानंतर प्रसाद म्हणून उचलायचं, ही आमची रीत. नवं धान्य, नवं लुगडं, गाभण गाईचं दावंसुद्धा. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी टाळ घेऊन देवळाकडे निघालो तर वाटेत पोस्टमन भेटला. पांडूच्या नावाचं लांबट पाकीट, कोपऱ्यावर गिरणीचं नाव छापलेलं.

माझ्या मनात आलं, बोलावणंच असणार. देवाच्या पायाशी सहा दिवस राहू दे, वर बुवांचा हात लागू दे, म्हणजे पोराची नोकरी कधी सुटायची नाही. पांडूला सांगितलं नाही. काल्याच्या दिवशी सगळ्यांदेखत त्याच्या हातात प्रसाद ठेवायचा होता मला. त्या आठवड्यात मी काय टाळ वाजवले! बुवा म्हणाले, "कुशाबा, यंदा अंगात आलंय तुमच्या."

पुढच्या गुरुवारी काला झाला, दही-लाह्या वाटल्या, आणि मी पाकीट दिलं. पांडूनं तिथंच फोडलं. मंगळवारपर्यंत हजर व्हावं, नाही तर नाव कमी करण्यात येईल, असं होतं. तो मंगळवार परवाच उलटला होता.

त्यानं वर बघितलं आणि विचारलं, "कधी आलं?"

मी म्हणालो, "आज."

पाकिटाच्या मागचा पोलादपूरचा शिक्का बुक्क्यानं आणि तीर्थाच्या पाण्यानं काळा झाला होता. ते मला आधीच दिसलं होतं. पांडू त्याच रात्रीच्या एस.टी.नं गेला, तिसऱ्या दिवशी परत आला. त्याच्या साच्यावर दुसरा माणूस उभा होता. आल्यापासून तो भिंतीकडे.

मी तेव्हापासून देवळात गेलो नव्हतो. रडूही आलं नाही. पोळल्यावर कातडी मरते आणि मग विस्तव ठेवला तरी कळत नाही, तसं झालं होतं. शेजारच्या वाडीत कीर्तन होतं, ओटीवर बसून आवाज ऐकला. कुंपणापलीकडं कुणी लाकडं फोडत असावं तसा ऐकला.

अशातच एकदा पोलादपूरच्या वाचनालयात गेलो होतो. तिथले रामजीभाऊ आदल्या दिवशीच महाडला तळ्यावर जाऊन आलेले, घोषणा देऊन घसा बसलेला. घोगऱ्या आवाजात म्हणाले, "कुशाबा, हा दिवाळी अंक न्या. शब्दकोडं आहे आत, अवघड आहे म्हणून कुणी हात लावला नाही. बक्षिसाची मुदत केव्हाच गेली, पण विषय बघा."

विषय होता वस्त्र. खाली लिहिलं होतं, 'सूचना सरळ नाहीत. शब्द फोडा, उलटे करा, मग उत्तर सापडेल.' आमचे बुवा पूर्वरंगात एखादं कूट घालतात आणि उत्तररंगात उकलतात, त्यातली गत. मला वाटलं, जमेल.

घरी आलो आणि ओटीवर, पांडू आणि भिंत यांच्या मधल्या हातभर जागेत, जाऊन बसलो.

पांडूची आई गोदूबाई आतून म्हणाली, "अहो, तिथं काय पालीवानी चिकटलाव?"

"कोडं सोडवतोय."

"घरातलं येक सुटंना, नि छापील आनलंन."

मी पांडूच्या समोर तोंड धरून सावकाश वाचलं. "उभा शब्द पहिला. 'ताण थोडा लांबवला की उभा राहतो. दोन अक्षरं.'"

पांडूचे डोळे माझ्या ओठांवर आले. आले आणि तिथंच राहिले. नुसते. खिडकीतून बाहेर बघावं तसे.

मी पुन्हा वाचलं.

"ताना," तो म्हणाला. "उभा धागा."

ताण, ताणा. मी लिहिलं. गोदूबाई भाताचा पळा हातात घेऊन दारात आली.

"आडवा शब्द तिसरा. 'तसू उलटवा, कातायला घ्या.'"

"सूत."

"'का पडतोस, असं अर्धवट विचारलं तर अंगावर येतं.' तीन अक्षरं."

याला मात्र त्याला थोडा वेळ लागला. त्यानं बोटानं आपल्या सदऱ्याची बाही चिमटीत धरली, धागे मोजावेत तशी. "कापड."

"आई गो," गोदूबाई म्हणाली, "ह्ये तं मला बी आलं असतं."

"मग सांग, 'इकडून तिकडे, तिकडून इकडे, घर एकच, पण मुक्काम नाही.'"

"ह्ये तुमीच. देऊळ नि घर, घर नि देऊळ."

"धोटा!" पांडू एवढ्या मोठ्यानं म्हणाला की ओटीखालची कोंबडी उडाली. साचेखात्यात बोलतात तसा बोलला. मग हात आडवा फिरवून दाखवला. दोऱ्याची कांडी पोटात घालून धोटा या टोकाचा त्या टोकाला कसा पळतो, ते. हात दोनदा गेला, दोनदा आला, आणि गुडघ्यावर पडून राहिला.

गोदूबाई पळा तसाच धरून आत गेली. ती चुलीपाशी रडत असणार. मला काही झालं नाही. मी पुढचं वाचत गेलो आणि तो सांगत गेला. 'मल दोनदा, तरी तलम', मलमल. चौकटी भरत गेल्या. सव्वा महिन्यात त्यानं माझ्या तोंडाकडे इतका वेळ बघितलं नव्हतं. मला एवढंच कळत होतं, की हा बघतोय तोवर सांगितलं पाहिजे. कोडं संपलं की तो पुन्हा भिंतीकडे फिरेल, आणि पाठीला सांगून उपयोग नाही.

दोन शब्द उरले. मी अंक खाली ठेवला. मिशीवरून हात फिरवायची सवय मला. तो हात मी मांडीखाली दाबून ठेवला, ओठ झाकायला नकोत म्हणून.

"पांडू, पाकीट काल्याच्या दिवशी नाय आलं."

तो बघत होता.

"सप्ताहाच्या दुसऱ्या दिवशी आलं. शुक्रवारी. मी देवापुढं ठेवलं. तू शनवारी निघाला असतास तरी पोचला असतास. मी खोटं बोललो तुझ्याशी."

मी आवाज केला की नुसते ओठ हलवले, ते मला आजही सांगता यायचं नाही. आत पळा खाली ठेवल्याचा आवाज झाला, म्हणजे गोदूबाईनं ऐकलं असावं.

पांडू म्हणाला, "ठावं हाय."

मी मांडीखालचा हात सोडवला.

"एस.टी.त बसलो तवा रुमाल वला करून पुसला शिक्का. शुक्रवारचा व्हता." त्याचा आवाज आता खाली आला होता, अगदी घरातल्या माणसासारखा. "म्हटलं, आबा सांगतील. वाट बघत व्हतो."

सव्वा महिना. भिंतीकडे तोंड करून. मला वाटलं आता तरी रडू येईल, किंवा तो शिवी देईल, म्हातारा म्हणेल, लबाड म्हणेल. त्यातलं काही झालं नाही. गोठ्यात गाय हंबरली. पांडूनं तिकडे बघितलं नाही. त्यानं खाली पडलेला अंक उचलला, पान नीट केलं आणि माझ्या हातात दिला.

"ऱ्हायलेलं वाचा," तो म्हणाला. "जरा हळू."

मी त्याच्याकडे तोंड केलं आणि वाचायला लागलो.