चाचणीला शिक्का लागत नाही

इसोनोबाई डोंगरातल्या बावीस म्हाताऱ्यांना घरोघर जाऊन गोळ्या द्यायच्या, आणि त्यांच्या हातात यादी असायची मागच्या आठवड्याची. डॉक्टरनं सोमवारी बंद केलेली गोळी म्हातारा गुरुवारपर्यंत गिळत बसायचा. ताजी यादी फोनवर दिसावी म्हणून नगर कार्यालयानं प्रोग्राम मागवला होता खरा, पण तो पुरा व्हायला दोन वर्षं होती. तोवर कोण राहतंय, कोण जातंय!

प्रोग्राम लिहिणारी ओरिए कुसुनोकी आपल्या मुरोईसाहेबांना म्हणाली, "सगळं एकदम कशाला द्यायचं? आधी नुसती आजची यादी देऊ, नीट तपासून. मग पुढचं थोडं थोडं."

"झकास," साहेब म्हणाले. "फक्त शिक्के घ्या."

शिक्के नऊ, सहीऐवजी प्रत्येकाचा आपल्या नावाचा एकेक. दोन वर्षांच्या कामाला नऊ, आणि पंधरा दिवसांच्या तुकड्यालाही नऊच. महिन्याभरानं कागद सातव्या टेबलावरून परत आला, कारण ओरिएचा शिक्का सरळ उभा होता. धाकट्यानं आपला शिक्का डावीकडं कलता मारायचा असतो, म्हणजे तो शेजारच्या साहेबाच्या शिक्क्यापुढं वाकलेला दिसतो. "अगं, एवढंही कोणी शिकवलं नाही का तुला?" मुरोईसाहेब कळवळून म्हणाले. झालं, पुन्हा पहिल्यापासून.

ओरिएच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं नियमांचं बाड उघडलं. शिक्के लागत होते 'सुपूर्द' करायला; 'चाचणी'ला नव्हते लागत. दुसऱ्याच दिवशी तिनं बाईंच्या फोनवर यादी घातली.

"बाई, आजपासून तुम्ही चाचणी करताय."

"मी तर गोळ्याच देतेय."

"तेच ते."

बाई तोंडावर वाईट कधी बोलायच्या नाहीत. "छान आहे हो. फक्त जरा..." म्हणायच्या आणि गप्प व्हायच्या. त्या 'जरा'मागचं ओरिएनं खोदून खोदून काढायचं. पहिल्या 'जरा'नं अक्षरं मोठी झाली. बंद गोळी यादीतून नुसतीच गळायची, म्हणून दुसऱ्या 'जरा'च्या वेळी बाईंनी सवयीनं ती एका आजोबांच्या तळहातावर ठेवलीच होती. त्यानंतर बंद गोळ्यांवर लाल काट आली. असे सहा तुकडे झाले. चुकीची गोळी पुन्हा कोणाच्या पोटात गेली नाही.

एप्रिलमध्ये मुरोईसाहेब कागद दोन्ही हातांत धरून आले. नऊच्या नऊ शिक्के.

"अभिनंदन! उद्या सुपूर्द करा. पण ज्यावर शिक्के बसलेत तोच तुकडा, हं. पहिला. दुसरं काही फोनवर राहता कामा नये."

पहिल्या तुकड्यात लाल काट नव्हती. ज्या कागदासाठी ओरिएनं नऊ महिने टेबलं झिजवली, तो आता तिला हातात धरवेना.

"साहेब," ती म्हणाली, "अर्जात कामाचं नाव चुकलंय. माझीच चूक."

साहेबांचा चेहरा उतरला. "म्हणजे पुन्हा नऊ?"

"पहिल्यापासून. आणि सावकाश होऊ द्या, साहेब. मला काही घाई नाही."