बाजरीचं डबडं

अंजनीच्या मत्सराला कारण मोठंच लागतं असं काही नव्हतं. मुलगा समर्थ आत्याच्या हातचं मटण चाटूनपुसून खाऊन आला की ती दोन दिवस त्याच्याशी तुटक बोलायची. नवरा प्रमोद शेजारणीच्या चहाला चांगला म्हणाला तर पुढचा आठवडाभर त्याला पांचट चहा मिळायचा. पण हे सगळं नात्यागोत्यात, शेजारपाजारात. पाच कबुतरांपायी एका अडुसष्ट वर्षांच्या म्हाताऱ्याचा आपल्याला हेवा वाटेल, असं तिला कुणी आधी सांगितलं असतं तर तीच खो खो हसली असती.

उल्हासनगरला, चार नंबरच्या कॅम्पात, ती जीन्सच्या कारखान्यात शिलाईला होती. समोरची चार मजली बिल्डिंग धोकादायक म्हणून रिकामी करायला लावली. माणसं गेली. जाताना गॅस नेला, कपाटं नेली, देव नेले, खिडक्यांच्या जाळ्यासुद्धा उचकटून नेल्या. गच्चीवरची पाच कबुतरं तेवढी मागे राहिली. पिंजऱ्याचं दार सताड उघडं होतं, तरी ती जाईनात. कठड्यावर ओळीनं बसायची, जिन्याच्या दाराकडे तोंड करून.

"पाळलेली आहेत ना," कटिंगमास्टर सुजित म्हणाला. "रस्त्यावरचं टिपून खायला त्यांना येत नाय. मालक गेला सोडून."

"असला कसला मेला मालक!" अंजनी म्हणाली. चौथ्या दिवशी तिला डब्यातला घास उतरेना. जेवणाच्या सुट्टीत ती पॅन्टींचा रिकामा खोका घेऊन त्या गच्चीवर चढली. उपासानं कबुतरं इतकी गळाली होती की हातात आली तरी फडफडली नाहीत. संध्याकाळी तो खोका मांडीवर घेऊन ती रिक्षानं चिखलोलीला घरी आली. रिक्षावाल्यानं विचारलं, काय आहे? ती म्हणाली, "पाहुणे."

चिखलोलीची त्यांची बिल्डिंग नवीकोरी, निम्मे फ्लॅट अजून बंद. अंजनीचं घर सगळ्यात वर होतं आणि त्याला एक चिंचोळी गच्ची होती. प्रमोदनं कंपनीतून मोडकी फळकुटं आणून पिंजरा ठोकला. ठरलं असं होतं की महिनाभर सांभाळायची, धडधाकट झाली की चांगलं घर बघून देऊन टाकायची. बदलापूरचा एकजण बघायला आलाही, पण अंजनीला त्याची वाढलेली नखं आवडली नाहीत. अंबरनाथची एक बाई आली, तर तिनं कबुतराला वस्तू असल्यासारखं "हे" म्हटलं. प्रमोद म्हणाला, "तू कबुतरं द्यायला बघतेयस की जावई शोधतेयस?"

कबुतरांतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पालेगावचे जनूबाबा आगरी समाजातले. जमीन बिल्डिंगांत गेली तरी त्यांनी कबुतरं पाळणं सोडलं नव्हतं. त्यांना तिनं मुद्दाम बोलावून घेतलं. बाबांनी एकेक कबुतर उचलून चोच बघितली, पंख पसरून बघितले.

"बाय, यांची पखा बांध दोऱ्यानं," ते म्हणाले. "दोन महिनं सोरू नको. कबुतर हाताला नाय वलखत, जाग्याला वलखतं. हितं त्यांना पिल्लां झाली का मंग ती हितली झाली."

अंजनीनं मान डोलावली आणि पंख काही बांधले नाहीत. तिला ते कसंतरीच वाटलं. शिवाय त्यातली एक पांढरी मादी, मानेवर तपकिरी ठिपके असलेली, नवव्या दिवशी तिच्या तळहातावरची बाजरी टिपू लागली होती. अंजनीनं तिचं नाव ठिपकी ठेवलं. आपल्याला ओळखणाऱ्या जिवाला बांधून कशाला घालायचं, असं तिला वाटलं. बारावा दिवस रविवारचा होता. बुद्धविहारातल्या ओळखीच्या चौघीजणी कबुतरं बघायला आल्या. "माझ्या हातावर येऊन बसते," असं सांगून तिनं ऐटीत दार उघडलं आणि हात पुढे केला.

पाचही जणं तिच्या डोक्यावरून भुर्रकन उडाली. एक गिरकी मारली, दुसरी मारली आणि सरळ उल्हासनगरच्या दिशेनं निघून गेली. "येतील गं," म्हणत बायकांनी पोहे खाल्ले. अंजनीचा हात मात्र बराच वेळ तसाच पुढे होता.

दुसऱ्या दिवशी ती कारखान्यात न जाता आधी खोका घेऊन त्या रिकाम्या बिल्डिंगच्या गच्चीवर गेली. कबुतरं तिथंच होती. आणि त्यांच्या मधोमध एक म्हातारा उकिडवा बसला होता, तोंडाला रुमाल बांधलेला, हातात पत्र्याचं एक चेमटलेलं डबडं. त्यानं ते डबडं तीनदा वाजवलं. बाजरी खुळखुळली तशी ठिपकी टुणकन त्याच्या गुडघ्यावर चढली. अंजनीच्या हातावर यायला जिनं नऊ दिवस लावले, तीच ही ठिपकी. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुम्हीच काय ते? सोडून गेलेले?"

म्हातारा दचकून उठला. त्याचं नाव चंदर. चाळीस वर्षं या बिल्डिंगीत राहिलेला सिंधी माणूस, आता बदलापूरला मुलाकडे गेला होता. "बहन, डॉक्टरने मना किया है," छातीवर हात ठेवून तो म्हणाला. "ह्यांच्या पंखांची धूळ फेफडे में जाते. म्हणून पिंजरा खोल दिया. मला वाटला उडून जातील, कहीं भी खा लेंगे." मग मान खाली घालून म्हणाला, "रहा नहीं गया. आठ दिवसांनी बघायला आलो, तर गच्ची खाली. मग रोज येत होतो. आज दिसले."

अंजनी त्याला आणखी चार शब्द सुनावणार होती. पण बिल्डिंग येत्या गुरुवारी पाडणार, असा कागद खाली भिंतीवर लागला होता. तोवर कबुतरं हलवली नाहीत तर ती ढिगाऱ्यावर येऊन बसणार आणि मांजरं-घारी त्यांचा फडशा पाडणार, हे तिला कळत होतं. तिनं पकडायला हात घातला तशी पाचही उडाली. आता ती खाऊनपिऊन टुणटुणीत होती.

"बहन, तुम रहने दो," चंदरकाका म्हणाले. त्यांनी डबडं वाजवलं आणि एकेकाला अलगद उचलून खोक्यात ठेवलं. पाच मिनिटांचंही काम नव्हतं. अंजनीला त्यांचे आभार मानायला हवे होते. तिनं नुसता खोका ओढून घेतला.

तरी त्यांना घरी बोलावणं भाग होतं. ह्या डबड्याचा आवाज चिखलोलीच्या गच्चीवर रोज ऐकू आला तर कबुतरांचा जीव तिथं लवकर रमेल, असं जनूबाबाही म्हणाले. मग चंदरकाका रोज चारला बदलापूरहून रिक्षानं येऊ लागले. पाच जिने चढायचे, कारण लिफ्ट अजून चालू झाली नव्हती. वर आले की दहा मिनिटं धापा टाकायचे. अंजनीनं सकाळची पाळी मागून घेतली, फक्त ते आल्यावर आपण घरी असावं म्हणून. काकांनी तिच्याच जीन्सच्या पिवळ्या दोऱ्यानं कबुतरांचे पंख बांधले. त्यांची बोटं थरथरायची, पण कबुतर हातात आलं की थरथर थांबायची. अंजनी ते बघायची आणि तिच्या पोटात दुखायचं.

सकाळी पिंजरा तीच घासायची, पाणी तीच बदलायची, घाण तीच काढायची. चारच्या ठोक्याला जिन्यात खोकला ऐकू आला की पाचही माना दाराकडे वळायच्या. दिवसभराची तिची मेहनत एका खोकल्यासरशी मातीत जायची.

"अगं, सवतीकडे बघावं तसं काय बघतेस त्या म्हाताऱ्याकडे?" प्रमोदनं एकदा विचारलं.

"सवत परवडली," ती म्हणाली. "सवत सोडून जाऊन परत लाड करायला येत नाही."

असेच पंधरा-सोळा दिवस गेले. एका दुपारी काका पिंजऱ्यासमोर बसले, वाकले आणि एकदम खुशीत येऊन ओरडले, "बहन, मुबारक! अंडे! दो!"

ठिपकीच्या पोटाखाली खरंच दोन अंडी होती. अंजनीनं त्याच सकाळी तिथून हात फिरवला होता आणि तिला काही दिसलं नव्हतं. तिच्या घरात, तिच्या पिंजऱ्यात, तिच्या ठिपकीनं अंडी घातली आणि ती बातमी तिला ह्या माणसानं द्यावी? रुमालाच्या वर त्यांचे डोळे आनंदानं चमकत होते. ते डोळे तिला सहन झाले नाहीत.

"काका," ती म्हणाली, "उद्यापासून येऊ नका. सोसायटीवाले कटकट करतात. बाहेरच्या माणसांचं येणं-जाणं नको म्हणतात."

बिल्डिंगीची सोसायटी अजून झालीच नव्हती. पण शब्द तोंडातून गेला तो गेला.

काकांनी डबडं तिच्या हातात दिलं. "रोज चार बजे. तीन बार बजाना, ज्यादा नहीं. ज्यादा बजाओगी तो डरते हैं." ते जिना उतरू लागले, भिंतीला एक हात लावून. अंजनीनं दार लावलं आणि तिला इतकं हलकं वाटलं की तिनं संध्याकाळी प्रमोदला भजी तळून घातली.

हलकं वाटणं दोन दिवस टिकलं. तिनं डबडं वाजवलं की कबुतरं दाराकडे बघायची. तिच्याकडे नाही, दाराकडे. तरी तिनं हट्ट सोडला नाही. रोज चार, रोज तीनदा. आठवड्यानं ती खायला पुढे आली. अठराव्या दिवशी अंड्यांतून दोन पिल्लं निघाली, ओली, पिवळ्या लवीची, दिसायला अगदी ओंगळ. अंजनी त्यांच्याकडे बघून रडली. कुणालातरी हे सांगावंसं वाटलं आणि जो माणूस आठवला त्याचाच तिला पुन्हा राग आला.

दरम्यान समोरची बिल्डिंग पडली होती. धूळ आत येते म्हणून कारखान्याच्या खिडक्या दोन दिवस बंद होत्या. उघडल्या तेव्हा पलीकडे नुसतं आभाळ होतं.

पिल्लं पंधरा दिवसांची झाल्यावर जनूबाबा म्हणाले, "आता सोर." अंजनीनं कात्रीनं पिवळे दोरे कापले. चार वाजता दार उघडलं. कबुतरं गच्चीच्या कठड्यावर बसली, पंख झाडले आणि उडाली. एक गिरकी, दुसरी. मग पुन्हा तीच दिशा, उल्हासनगर.

"बाबा!"

"थांब गो," बाबा म्हणाले आणि तंबाखू मळू लागले.

पिंजऱ्यात पिल्लं चिरकत होती. आईबाप ढिगाऱ्यावर उतरले तर ही दोन उपाशी मरणार, हे तिला दिसत होतं. तिनं डबडं तीनदा वाजवलं. मग दहादा वाजवलं. मग किती ते तिनं मोजलं नाही. अर्धा तास गेला. पाऊण तास गेला. जनूबाबासुद्धा मळलेली तंबाखू तोंडात टाकायचे विसरले.

आणि मग आभाळात ठिपके दिसले. चार आली. थोड्या वेळानं पाचवी, ठिपकी. अंजनीनं ओंजळ पुढे केली. ठिपकी त्या ओंजळीवरून तडक पिंजऱ्यात गेली आणि पिल्लांच्या चोचीत चोच घालून भरवू लागली. "झाली ही हितली," बाबा म्हणाले. शेवटी आपण जिंकलो, एवढंच अंजनीच्या मनात आलं.

तेवढ्यात फोन वाजला. चंदरकाका होते.

"पहुँच गए?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"मी इथंच आहे ना, बहन. तोडलेल्या बिल्डिंगसमोर. कधीतरी तू सोडणार, म्हणून रोज चार बजे येऊन उभा राहतो." खोकल्याची उबळ आली, ती ओसरेपर्यंत ते थांबले. "आज आले. पाचों. वर चक्कर मारत राहिले, मला शोधत होते. मी जूसवाल्याच्या पत्र्याखाली लपून बसलो. अर्धा घंटा बाहेरच नाही आलो. दिसलो असतो तर उतरून आले असते."

तिथं आपण असतो तर काय केलं असतं, हे अंजनीला लख्ख ठाऊक होतं. ती भर रस्त्यात दोन्ही हात पसरून उभी राहिली असती. आपल्याला शोधणाऱ्या जिवापासून लपून बसणं तिला जन्मात जमलं नसतं. कबुतरं आता तिची होती, आणि तरीही हा म्हातारा तिच्या पुढेच होता. तिचा असा जळफळाट झाला की डोळ्यांत पाणी आलं.

"काका," ती कशीबशी म्हणाली, "उद्या या. सोसायटीवाले आता काही बोलणार नाहीत."

पलीकडे काका हसले. "सोसायटी बनी कहाँ है तुम्हारी? वॉचमनने त्याच दिवशी सांगितलं मला, उतरताना."

दुसऱ्या दिवशी अंजनीनं गच्चीत घरातली चांगली खुर्ची मांडली. काकांसाठी एक रुमाल स्वच्छ धुऊन वाळवून ठेवला. चहा केला, तोही घट्ट दुधाचा. काका आले, धापा टाकत बसले, पिल्लं बघून घेतली. डबडं मात्र तिनं मांडीवर घट्ट धरून ठेवलं होतं. काकांनी ते मागितलं नाही. चार वाजले तसं तिनं एकदा वाजवलं, दुसऱ्यांदा वाजवलं. तिसऱ्यांदा वाजवायच्या आधी ते त्यांच्या हातात दिलं आणि पटकन तोंड फिरवलं, कारण ठिपकी कुणाकडे जाते ते तिला बघवणार नव्हतं.