खाली आहे ना?

कुवेतच्या राई भागात गॅरेजांच्या मागच्या गल्लीत गाड्यांच्या सीटा शिवणारा मजीद परकार हा तसा बेताच्या धाडसाचा माणूस. दापोलीकडचा. सिग्नल पिवळा झाला की थांबणारा, मागून दहा जणांनी हॉर्न वाजवले तरी थांबणारा. परमुलखात इतकी वर्षं तो टिकला तो ह्याच गुणावर. अशा माणसाच्या पदरात नशिबाने पिस्तूल टाकावं, ह्याला थट्टा नाही तर काय म्हणायचं?

तो शुवेखला फोम आणायला गेला होता. दुकानात त्याचा मेव्हणा आदिल एकटाच. अबू जासिम नावाच्या म्हाताऱ्या कुवेती गिऱ्हाइकाची जुनी कॅप्रिस गाडी कामाला आली होती. आदिलने तिची मागची सीट उचलली आणि लगेच फोन लावला.

"भाय, सीटमध्ये फडक्यात गुंडाळलेलं पिस्तूल हाय."

मजीदने गाडी बाजूला घेतली. फोन कोण ऐकत असेल, कुठे नोंद होत असेल, हे सगळं एकदम डोक्यात आलं.

"फोनवर त्याचं नाव घेऊ नको," तो म्हणाला. "एवढंच सांग. खाली हाय ना?"

"हो भाय. खालीच हाय."

मजीद निर्धास्त झाला, आणि इथेच घोळ झाला. खाली हा शब्द मोठा लबाड. मजीद उर्दू शाळेत शिकलेला, त्यात निम्मं आयुष्य हैदराबादी आणि पेशावरी कारागिरांत गेलेलं. त्याच्या तोंडी खाली म्हणजे रिकामं. आदिल म्हसळ्याच्या मराठी शाळेत शिकलेला, गेल्याच वर्षी इथे आलेला. त्याच्या लेखी खाली म्हणजे वर नव्हे ते. त्याने पिस्तूल शिलाई मशीनच्या खाली सरकवलं होतं, आणि ते त्याने इमानाने सांगितलं. त्यात गोळी आहे की नाही, हे त्याने बघितलंच नव्हतं. बघायचं कसं हेही त्याला ठाऊक नव्हतं. पण महाडला तो काही महिने सिक्युरिटी कंपनीत होता, एवढ्यावर मजीदने त्याला हत्यारांतला जाणकार ठरवून टाकलं. बिचारा तिथे काठी घेऊन उभा राहायचा.

दुकानात येऊन मजीदने शटर अर्धं ओढलं आणि फडकं सोडलं. काळं, जड, जुनं पिस्तूल. मुठीवर एका शिरस्त्राणवाल्या सरदाराचा चेहरा कोरलेला. इराकी फौजेतलं 'तारिक' ते हेच, असं पलीकडच्या गॅरेजवाल्याने कधीतरी मोबाइलवर दाखवलेलं त्याला आठवलं. मुठीच्या बुडाशी एक बटण होतं. ते दाबल्यावर मॅगझिन हातात आलं. त्यात काही नव्हतं. झालं, मजीदची खात्री पटली. मागचा घोडा ताणलेला होता, पण त्याची ठेवणच तशी असेल असं त्याला वाटलं.

आता ह्याचं करायचं काय? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. पोलिसांत न्यावं तर पहिला प्रश्न येणार, तुझ्याकडे कसं आलं. अकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रद्द व्हायला इथे त्याहून छोटी कारणं पुरतात. आधी तुरुंग, मग थेट विमान, आणि खैतानच्या दोन खोल्यांत बायकोने, सुरैयाने, मांडलेला संसार पुन्हा बोचक्यात. दुकानात ठेवावं तर त्या आठवड्यात गल्लीत बलदियाच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, धाडी चालू होत्या. अबू जासिमच्या मोबाइलला रेंज नव्हती. थंडी पडली की तो वाळवंटात तंबू ठोकून राहायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतेल, असं त्याच्या घरून कळलं.

म्हणून मजीदने पिस्तूल जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घातलं आणि घरी आणलं. वाटेत एका ठिकाणी पोलिसांची गाडी उभी होती. मजीदने वेग इतका कमी केला की पोलिसाने त्याला हातानेच पुढे हाकललं.

खरं सांगायचं तर घरी पोचेपर्यंत त्याला भीतीबरोबर आणखीही काहीतरी वाटायला लागलं होतं. आयुष्यभर ह्याला सलाम, त्याला सलाम. व्हिसा देणाऱ्या कफीलला सलाम, इन्स्पेक्टरला सलाम, गाडी वाकडी लावून वर डोळे वटारणाऱ्या पोराटोरांनाही सलाम. आणि आज पिशवीत असं काहीतरी होतं की ज्याच्यापुढे ह्या सगळ्यांनी हात वर केले असते. लाज वाटण्यासारखं सुख होतं ते, पण होतं. मजीदने आतल्या खोलीत आरशासमोर पिस्तूल हातात घेतलं. पोट आत ओढलं. एक डोळा मिटून बघितला, मग दुसरा मिटून बघितला. माकडाच्या हाती कोलीत म्हणतात ते काही उगाच नाही.

सुरैया स्वयंपाकघरात तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. मुलगी झरीन ट्यूशनला गेलेली. मजीद दारात उभा राहिला आणि त्याने पिस्तूल तिच्यावर रोखलं.

सुरैया दचकली. "अवो, हे काय? कुठनं आणलात?"

"घाबरतेस काय? खाली आहे."

तिने खाली बघितलं. ओट्याखाली, सिलिंडरपाशी, आपल्या पायांपाशी. "खाली? काय हाय खाली?"

मजीदला हसू आवरेना. "अगं वेडे, खाली म्हणजे रिकामं."

सुरैया आणि आदिल सख्खी बहीणभावंडं, एकाच गावची, एकाच शाळेची. तिने तो शब्द कसा घेतला हे त्याने डोळ्यांनी बघितलं, तरी ह्या शहाण्याच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्याच्या हसण्याने सुरैयालाही धीर आला. पिठाचे दोन्ही हात वर करून ती म्हणाली, "मग मारा. भाकऱ्यांपासनं तरी सुटेन एकदाची."

मजीदने तिच्या छातीवर नेम धरला आणि चाप ओढला.

चाप हललाच नाही. त्याने पुन्हा ओढला. गंजलं असेल, तो म्हणाला. सुरैयाने परातीकडे तोंड फिरवलं आणि पुढची भाकरी थापायला घेतली.

रात्री जेवणं झाल्यावर त्याचा मूळ स्वभाव परत आला आणि त्याला चैन पडेना. पिस्तूल आधी कपाटावर ठेवलं, मग तांदळाच्या डब्यात, मग पुन्हा कपाटावर. जिन्यात पावलं वाजली की तो दाराकडे कान लावायचा. हात रिकामे राहिले की त्याचं डोकं चालतं. दुसऱ्याची वस्तू परत करायची तर नीट करून द्यावी, ही कारागिराची खोड. त्याने मशीनचं तेल काढलं. मुठीच्या वरच्या बाजूला एक आडवं बटण रुतून बसलं होतं. त्याच्या कडेने थेंब थेंब सोडला, चापाच्या फटीतही सोडला आणि पुसून ठेवलं. सकाळपर्यंत मोकळं होईल, असं तो समाधानाने म्हणाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळकडे, असरच्या नमाजानंतर, दोघं सबाह अल-सालेमला अबू जासिमच्या घरी निघाली. सुरैयाला बरोबर घ्यायची युक्ती त्याचीच. शेजारी बायको बसलेली गाडी पोलीस सहसा थांबवत नाहीत, असा त्याचा अनुभव. सुरैयाने म्हाताऱ्यासाठी सांदणं केली होती. पिशवी तिच्या मांडीवर होती. वर सांदणांचा डबा, त्याच्या खाली पिस्तूल.

"नळी कुठल्या बाजूला हाय हो?" तिने विचारलं.

"असूदे कुठल्याही बाजूला. तू नीट बस, हस जरा."

"हसू कशी? हे मांडीवर घेऊन?"

गतिरोधक आला की ती पिशवी घट्ट पोटाशी धरायची. नाक्यावर खरंच तपासणी लागली होती. पुढच्या गाडीची डिकी उघडलेली. पोलीस वाकला, सुरैयाकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं. सांदणांचा गोड वास गाडीभर पसरला होता. त्याने हात हलवला आणि जा म्हणाला.

अबू जासिमची दिवाणिया, म्हणजे पुरुषांची बैठकीची खोली, घराला लागूनच होती. सुरैया गाडीतच थांबली. मजीद पिशवी घेऊन आत गेला. म्हातारा एकटाच शेगडीपाशी बसला होता. पोरवयात तो बापाबरोबर मुंबईला राहिलेला, त्यामुळे मजीदशी मोडक्या हिंदीतच बोलायचा. मजीदने गालिच्यावर फडकं सोडलं.

म्हाताऱ्याने हात पुढे केला नाही. नुसता बघत राहिला.

"ये मेरे भाई का है," तो म्हणाला. कॅप्रिस त्या थोरल्या भावाचीच होती. इराकी फौज कुवेतमध्ये घुसली त्या साली कुणा अफसराकडून ते भावाच्या हाती लागलेलं. एकदा दोघांनी वाळवंटात पेप्सीचे डबे मांडून ते चालवूनही बघितलं होतं. समुद्रात फेकलं असं भाऊ नंतर म्हणाला होता. मग एक दिवस तो घरातून गेला तो परतलाच नाही, आणि गाडी तेवढी दारात राहिली.

"फिकर मत करो बाबा," मजीद म्हणाला. "खाली है."

म्हाताऱ्याने पिस्तूल उचललं. नळी कोपऱ्यातल्या वाळूच्या कुंडीकडे केली, बोट चापापासून लांब. मागच्या घोड्याकडे बघून त्याचा चेहरा बदलला. त्याने आडव्या बटणाला नुसता अंगठा लावला तर ते लोण्यासारखं सरकलं. त्याने मजीदकडे बघितलं, वरचा पोलादी भाग मुठीत धरला आणि जोर लावून मागे ओढला.

पितळी काडतूस उडालं, गालिच्यावर पडलं आणि घरंगळत मजीदच्या पायाशी आलं. कडेला हिरवं झालेलं, पण अख्खं.

"मजीद," म्हातारा हळू आवाजात म्हणाला, "ये खाली नहीं है."

भाऊ ते असंच ठेवायचा, त्याने सांगितलं. मॅगझिन रिकामं असलं तरी एक गोळी नळीत आणि घोडा ताणलेला. वेळ आली तर मागे ओढायला वेळ नसतो म्हणायचा. फक्त हे बटण दाबून ठेवायचा, म्हणजे चाप हलायचा नाही. "इसको तेल किसने दिया?"

मजीद पायाशी पडलेल्या काडतुसाकडे बघत राहिला. पोलिसांतला पुतण्या उद्या येऊन नेईल, तुझं नाव कुठे येणार नाही, असं म्हातारा सांगत होता. कालपासून ज्या वाक्यासाठी जीव टांगणीला लागला होता ते हेच, आणि आता त्याला ते नीट ऐकूही येत नव्हतं.

फाटकाबाहेर येऊन त्याने आदिलला फोन लावला. "तू खाली आहे म्हणालास."

"हो की. मशीनच्या खालीच ठेवलं होतं. का हो भाय?"

मजीदने फोन बंद केला. शिव्या द्याव्यात असं मनात आलं, पण कुणाला द्यायच्या? चाप आदिलने ओढला नव्हता.

गाडीत सुरैया आरामात बसली होती. मांडीवरचं ओझं उतरलं तसा तिचा चेहरा उजळला होता, आणि ती दुपट्टा सावरत होती. तो शेजारी येऊन बसला, पण चावी लावेना, की बोलेना. घेतलं ना त्याने, तिने विचारलं. त्याने मान हलवली.

"मग तोंड का असं? आता तर तुमचं हत्यार पण गेलं." तिने हसत दोन्ही हात वर केले. "का अजून मारायचंय मला?"

तिच्या बांगडीच्या नक्षीत कालचं पीठ अजून अडकलेलं होतं. मजीदने तिचे दोन्ही हात धरून खाली आणले, आणि सोडलेच नाहीत. रडू नका हो, लोक बघतात, असं ती म्हणत राहिली, आणि काय झालंय ते तिला कसं सांगायचं हे त्याला काही केल्या सुचेना.