चिमणीने गोदी झाडली त्याची गोष्ट

लोक पाहुणे येणार म्हणून घर आवरतात, तशी चिमणीने गोदी आवरली. आणि तिथेच माशी शिंकली.

चिमणी म्हणजे काही लहान पोर नव्हे. पन्नाशीला टेकलेली बाई, पण अंगाने एवढीशी आणि तोंडाने अखंड चालू, म्हणून नाव पडलं ते पडलं. वडिलांमागे बोटी दुरुस्त करायची गोदी ती आणि तिचा दादा चालवत होते. चालवत होते म्हणायचं. गेलं वर्षभर दादा घरी बसून वर्तमानपत्राच्या घड्या घालत होता. गुडघा दुखतो म्हणायचा. खरं दुखणं वेगळंच होतं. सरकारी फेरीबोटींचं काम दर वेळी खाडीपलीकडच्या मोठ्या गोदीला जायचं आणि दादाचं मन त्यातून उडालं होतं. जागा विकत घ्यायला एक माणूस खेटे घालत होता. दादाने बहिणीला सांगून टाकलं, "चिमणे, यंदा फेरीबोटी मिळाल्या तर ठीक. नाही मिळाल्या तर मी सही करतो. किती दिवस रेटायचं?"

 चिमणी त्या गोदीत रांगली होती. पण दादापुढे रडायची तिला सवय नव्हती, म्हणून ती टेंडर भरायला बसली.

अर्धे गुण दराला, अर्धे गोदीच्या कुवतीला, असा सरकारी हिशेब. दर चिमणीचा कमी होता. राहिली कुवत. ती बघायला समिती येणार, असं आठवडाभर आधी कळवण्यात आलं, आणि बाईसाहेबांच्या अंगात आलं! दुरुस्तीसाठी उतारावर ओढलेली बोट घाईघाईने पाण्यात ढकलली. वेल्डिंगची यंत्रं कुलपात. साखळदंड, पत्रे, रंगाचे डबे, सगळं मागच्या शेडमध्ये कोंबलं. भिंतींना चुना मारला. कामगारांचे कपडे तेलकट, म्हणून सगळ्यांना त्या दिवशी सुट्टी दिली! समिती आली तेव्हा स्वच्छ झाडलेल्या अंगणात चिमणी एकटी, इस्त्रीची साडी नेसून उभी. समितीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, चहा घेतला आणि गेली.

निकालात कुवतीचे गुण जवळजवळ शून्य. शेरा असा, की गोदी बंद असावी, काम चालू असल्याची कोणतीही खूण दिसली नाही.

"हात दाखवून अवलक्षण!" दादा म्हणाला. वहिनी, म्हणजे दादाची बायको, तोंडाला पदर लावून हसली आणि मग चिमणीचा चेहरा बघून तिच्यासाठी पाणी आणायला उठली.

आता दुसरी एखादी कपाळाला हात लावून बसली असती. चिमणीने हरकत घेतली. दादाकडून एवढंच वदवून घेतलं, की हरकतीचा निकाल लागेपर्यंत सही करायची नाही.

सुनावणीला समितीच्या अध्यक्षबाई समोर, आणि बाजूला मोठ्या गोदीचा माणूस. त्याचा शर्ट इतका कडक, की वाकला तर मोडेल. तो म्हणाला, "मॅडम, नापास झालेल्याने पुन्हा पेपर मागायचा, ही कुठली रीत?"

"पेपर नका देऊ," चिमणी म्हणाली. "पण ओटा पुसलेला दिसला म्हणून या घरात स्वयंपाकच होत नाही, असं कसं लिहिता?"

अध्यक्षबाईंच्या ओठाचा कोपरा हलला, पण आवाज सरकारीच राहिला. "आम्ही दिसेल त्याला गुण देतो, बाई. शेडमध्ये काय कोंबलंय ते आम्हाला कसं दिसणार?"

"बरोबर आहे, चूक माझी. मग आता न सांगता या. माझ्याकडेही या आणि यांच्याकडेही. तुमच्या नियमात तसं येता येतं, मी वाचलंय."

नियमात खरंच तसं होतं. मोठ्या गोदीचा माणूस कडक शर्टासकट चुळबुळला. महिन्याभरात दोन्हीकडे अचानक भेट द्यायचं ठरलं.

मग गोदीतल्या पोरांच्या डोक्यात किडा वळवळला. "ताई, पसारा मांडूनच ठेवू या. ही बोट दुरुस्त झाली तरी मालकाला देऊ नका, उतारावर दिसेल तरी!" चिमणीला मोह झाला, नाही असं नाही. पण मालक दारात उभा, त्याचं पोट त्या बोटीवर. दिली बोट. म्हणाली, "एकदा नाटक करून तोंड पोळलंय. आता येतील तेव्हा येतील."

चार-दोन दिवसांनी पाणी वाहून नेणारी एक म्हातारी बोट उतारावर ओढली. तळाचा पत्रा सडलेला. आणि नेमका वेल्डर तापाने फणफणला. चिमणीने दादाला फोन लावला. "तुझा गुडघा राहू दे बाजूला. नुसता उभा राहून सांग पोरांना." दादा कुरकुरत आला, उभा राहिला, पोरांचं काम बघून दोनदा च्यक् च्यक् केलं आणि तिसऱ्यांदा हातमोजे मागितले.

चिमणी आत ऑफिसात रंगवाल्याशी फोनवर भांडत होती. भांडण जिंकून बाहेर आली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. समितीचे दोन सदस्य फळकुटावर पाय सावरत उभे, आणि अध्यक्षबाई बोटीखाली उकिडव्या बसून टॉर्च धरतायत!

"अहो बाई, इकडे! पत्र्यावर धरा, माझ्या डोळ्यात काय धरताय!" दादा बोटीच्या तळाखालून ओरडत होता. तो सुनावणीला गेलाच नव्हता, त्याला कोण समिती नि कोण अध्यक्ष! बाहेर पावलं दिसली, त्याने टॉर्च हातात दिला.

"दादा!" चिमणी किंचाळली.

"थांब गं, शेवटचा टाका आहे."

टाका झाला. दादा बाहेर सरकला, तोंडाला काळं, कपाळावर घाम, आणि गडी हसत होता. कितीतरी दिवसांनी हसत होता. अध्यक्षबाईंनी साडीला लागलेलं ग्रीस बघितलं, टॉर्च परत दिला आणि चिमणीला विचारलं, "मागच्या वेळी हे कुठे होते?"

"घरी. रुसून." चिमणी खरं बोलून गेली.

 बाई शेडपासून उतारापर्यंत सगळं फिरल्या, सगळ्यांशी बोलल्या, आणि निघताना हात धुवायला साबण मागितला.

निकाल आला तो चिमणीच्या घरी, सकाळच्या डाकेने. कुवतीचे गुण बदलले होते. फेरीबोटी चिमणीच्या गोदीला. मोठ्या गोदीने मधेच उलट हरकत घेतली होती, तीही त्याच कागदात फेटाळलेली. चिमणी कागद घेऊन धावत दादाच्या घरी गेली, चप्पल कुठे नि पदर कुठे.

दार वहिनीने उघडलं.

"दादा कुठाय? वहिनी, मिळालं! आपल्याला मिळालं! आता सही करायची नाही म्हणावं त्याला!"

"अगंबाई, मिळालं?" वहिनीने तिचे दोन्ही हात धरले. "पण तो घरी नाही. सकाळीच गोदीत गेला, तू मागच्या रस्त्याने आलीस वाटतं. आणि कसली सही? तुम्ही ती बोट केलीत ना, त्याच संध्याकाळी तो जागा घेणाऱ्या त्या माणसाकडे जाऊन नाही म्हणून आला. तुला बोलला नाही?"

चिमणी पायरीवर बसली आणि पोर रडावं तशी रडली. वहिनीने तिला रडू दिलं आणि मग चहा ठेवायला आत गेली.