सेकंदाला साठ

"आवाज कुठेच अडकत नाहीये," लॅबताई एका कानाला हेडफोन धरून म्हणाल्या. "चित्रच तेवढं अडकतंय. म्हणजे अर्धं दुखणं कमी झालं."

"आवाजात काहीच नाहीये हो ताई," टेबलापलीकडची मुलगी म्हणाली. "माझे काका हातांनी बोलायचे. ही काकूसुद्धा. दोघांनाही लहानपणापासून ऐकू येत नाही."

लॅबताईंनी हेडफोन उतरवला. त्यात खरोखरच काही नव्हतं. लांब कुठेतरी ढकलगाडीची चाकं आणि कुणाचा तरी खोकला. समोरच्या लॅपटॉपच्या पडद्यावर दवाखान्याच्या पलंगावर उशीला टेकून बसलेले एक वयस्क गृहस्थ होते. त्यांचा हात छातीपाशी दिसे आणि एकदम कपाळापाशी. मधला प्रवास गायब.

"तेवढ्यात दोन-तीन शब्द जातात," मुलगी म्हणाली. "काका गेले, त्याच्या आदल्या आठवड्यातलं आहे हे. काकूसाठी बोलून ठेवायचंय म्हणाले. मी स्टँडवर फोन लावून दिला आणि बाहेर जाऊन बसले. हात स्पष्ट दिसावेत म्हणून सगळ्यात भारी सेटिंग ठेवलं, आणि तेच अंगाशी आलं."

"फोनवर नीट चालतं ना?"

"चालतं. पण हिच्या एकाच डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय. फोनवर तिला बोटं मुंगीएवढी दिसतात. मी म्हटलं, मी बघून सांगते तुला. तर असं बघितलं तिने माझ्याकडे! नवऱ्याचं बोलणं तिला दुसऱ्याच्या हातून नकोय. आपलं आपण, घरी बसून, ह्याच लॅपटॉपवर बघायचंय."

काकू मांडीवर पर्स धरून ताठ बसल्या होत्या आणि आळीपाळीने दोघींच्या ओठांकडे बघत होत्या.

लॅबताई हे नाव कॉलेजातलं. बावीस वर्षं त्या तिथल्या संगणक प्रयोगशाळेत मदतनीस होत्या. निकाल चांगला लागला की प्राध्यापकांचे फोटो निघत. चाळीस यंत्रं चालती ठेवणारी बाई त्या फोटोंत नसे, आणि तिला त्याचं काही वाटतही नसे. प्रयोगशाळा बंद झाली तेव्हा भावाच्या झेरॉक्सच्या दुकानात त्यांनी एका कोपऱ्यात टेबल टाकलं. कामाची रीत मात्र तीच राहिली. एका वेळी एकच बदल, मग चाचणी, मग वहीत नोंद.

"अगं, चार गोष्टी एकदम करून टाक की!" दादा मशीनपाशी उभा राहून ओरडला. "गिऱ्हाईक इथेच म्हातारं व्हायचं."

"चार केल्या, तर गुण कशाचा आला ते कसं कळणार?"

"गुण आला ना? मग झालं तर!"

लॅबताईंनी चार्जर जोडला, वीजबचत बंद केली. पडद्याच्या कोपऱ्यात गळलेल्या फ्रेम्सचा, म्हणजे दाखवायच्या राहून गेलेल्या चित्रांचा, आकडा पळत होता. तो जरा मंदावला. मग मागे उगाच चालू असलेले प्रोग्रॅम बंद केले. आणखी थोडा फरक. मग खालचं झाकण उघडलं. पंख्यात धुळीबरोबर कागदाचा बारीक पांढरा चुरा होता.

"काका बाइंडर होते," मुलगी म्हणाली. "पुस्तकं बांधायचे. घरभर हेच."

काकूंनी तो चुरा पाहिला आणि लॅबताईंचा ब्रश क्षणभर थांबला. मग लॅबताईंनी तो चुरा एका कागदावर झटकून कागदाची पुडी केली आणि टेबलावर ठेवली. काकूंनी ती पर्समध्ये टाकली.

यंत्र गार झालं, पण फ्रेम्स गळतच होत्या. चित्र उलगडायचं काम ग्राफिक्सच्या चिपवर टाकून पाहिलं, तर तिने हात वर केले.

"हिला ही फाइल वाचताच येत नाही," लॅबताई म्हणाल्या. "लॅपटॉप दहा वर्षांचा, आणि फाइल बांधायची ही पद्धत नंतरची. त्यामुळे सगळा भार प्रोसेसरवर पडतो. सेकंदाला साठ चित्रं, त्यातलं एकेक अवाढव्य. तो बिचारा एक उलगडतोय तोवर तीन निघून जातात."

"म्हणजे नवाच घ्यायला लागणार?"

"काही नको. फाइल हलकी करू. मूळ तुझ्या फोनमध्ये जपून ठेव, मी नक्कल करते."

कॉलेजात त्यांनी अशी शेकडो व्याख्यानं हलकी केली होती. सेकंदाला पंधरा फ्रेम्स. बोलणाऱ्या माणसाला पंधरा पुरतात. हात सवयीने त्याच आकड्यावर गेला.

नक्कल तयार झाली. लॅबताईंनी ती लावताच मुलगी रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली.

"मला काकांचे हात वाचता येतात ना," ती म्हणाली. "म्हणून."

चित्र सुरळीत चाललं. आकडा शून्य. लॅबताईंनी समाधानाने काकूंकडे पाहिलं. काकू नकारार्थी मान हलवत होत्या. त्यांनी स्वतःच चित्र थांबवलं, मागे नेलं, पुन्हा पाहिलं, आणि पुतणीच्या खांद्यावर थाप मारली.

"ती म्हणतेय, इथे ते बोटांनी अक्षरं जुळवतायत. कुणाचं तरी नाव. पहिलं अक्षर दिसतं, मग एकदम शेवटचं. मधली कुठे गेली म्हणते."

"पण एकही फ्रेम गळत नाहीये. शून्य आहे बघ..." लॅबताई बोलता बोलता थांबल्या. गळणार कशी? साठातल्या पंचेचाळीस त्यांनी आधीच काढून टाकल्या होत्या.

"मी हे ऐकणाऱ्या माणसांसाठी केलं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "'चुकलं' कसं म्हणतात गं?"

मुलीने दाखवलं. लॅबताईंनी करून पाहिलं. काकूंनी त्यांचा अंगठा धरून योग्य जागी ठेवला.

या खेपेला लॅबताईंनी चित्राची लांबी-रुंदी निम्मी केली आणि साठच्या साठ फ्रेम्स राहू दिल्या. मुलगी पुन्हा रस्त्याकडे वळली. नावापाशी येताच काकूंनी कपाळावर हात मारला आणि पुतणीला ओढून सांगितलं.

"मांजराचं नाव आहे म्हणे!" मुलीला हसू आवरेना. "चार मिनिटं बोलायचं, त्यात मांजराला जागा!"

पुढे चित्र चालत राहिलं आणि शेवटाकडे एकदम थांबलं. दोन्ही हात चादरीवर, नजर समोर. लॅबताईंचा हात झटकन कळफलकाकडे गेला. पण आकडा शून्यच होता आणि सेकंद पुढे सरकत होते. नीट पाहिल्यावर सदऱ्याचं वरचं बटण श्वासाबरोबर हलताना दिसलं. चित्र अडकलं नव्हतं. बाइंडर वाट बघत होते.

काकूंचे हात वर आले होते. त्या उत्तर देत होत्या. लॅबताईंना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, तरी त्यांनी मान खाली घातली.

पडद्यावर बाइंडरांनी मान डोलावली आणि पुढे बोलायला लागले. काकूंचे हात हवेतच राहिले. मग त्यांनी पुतणीच्या पाठीत चांगली जोरात थाप मारली.

"म्हणते, जन्मभर हेच," मुलगी म्हणाली. "समोरच्याचं पुरतं बोलून होण्याआधीच मान डोलवायची."

काकूंनी पडद्याखालच्या पट्टीवरचा ठिपका मागे ओढला, चित्र थांबलं होतं तिथवर. या वेळी त्या भराभर बोलल्या, थोडक्यात. बाइंडरांनी मान डोलावली तेव्हा काकूंचे हात बोलून मांडीवर आले होते.