पन्नासावा थांबा

कोरिनने गाडी थांबवली, मनगटावरचं घड्याळ दाबलं आणि म्हणाली, "सुरू."

लेलँड टॉफ्ट खाली उतरून माळाकडे तोंड करून उभे राहिले. वय चौऱ्याहत्तर, कंबर अजून ताठ. नॉर्थ डकोटातल्या या कच्च्या रस्त्यावर ते बत्तीस वर्षं दर जूनमध्ये पक्षी मोजत आले होते. पन्नास थांबे, प्रत्येकी तीन मिनिटं. त्यांनी ऐकायचं, पाहायचं आणि नाव सांगायचं. सोबत्याने मुकाट्याने लिहायचं. सोबत्याने खूणसुद्धा करायची नाही, असा नियमच होता. तो नियम आज कोरिनला भलताच गोड लागत होता.

"मेडोलार्क, दोन. बोबोलिंक, एक."

तिने लिहिलं. दहा पावलांवर तारेवर नाकतोडी चिमणी गात होती. गाणं कसलं, नाकतोड्याची बारीक किरकिर. म्हणून तर नाव तसं पडलेलं. वय झालं की कानातून सगळ्यात आधी निसटतो तो असलाच आवाज.

"झालं," टॉफ्टसर म्हणाले.

कोरिनने त्यांच्या तक्त्यात चिमणीपुढे शून्य मांडलं. सरांची पाठ असतानाच मांडीखालचा स्वतःचा कागद काढून त्यावर 'एक' लिहिला. हा एकतिसावा थांबा. सरांच्या चिमण्या शून्य, तिच्या चौदा.

अकरा वर्षांपूर्वी ती त्यांची विद्यार्थिनी होती. मोजणाऱ्याच्या हातून किती पक्षी निसटतात, याचा अंदाज बांधायची रीत तिने दोन वर्षं खपून बसवली. सरांनी ती एकट्याच्या नावावर छापली. बिस्मार्कच्या संमेलनात तिने भर सभेत जाब विचारला, तर हसून म्हणाले, "कोरिनला आकडे छान कळतात. पण पक्षी मोजायला कान लागतात, पोरी." अख्खं सभागृह हसलं. विद्यापीठातली जागा हातची गेली आणि ती एका सरकारी कचेरीत इतरांचे पक्षीगणतीचे तक्ते तपासत बसली.

तिथेच तिला सापडलं. शेजारच्या सगळ्या रस्त्यांवर चिमणी होती; नाहीशी होत होती ती फक्त सरांच्या रस्त्यावर. आणि सर पुढच्या आठवड्यात त्याच सभागृहात सत्कार घेऊन 'चिमणी संपली' असा निबंध वाचणार होते. निबंध वाचून झाला की कोरिन उठणार होती. हातात दोन आकडे, त्यांचा आणि तिचा. नाक कापायला तेवढे पुरे होते. म्हणून तर सरांचा गुडघा दुखतो, गाडी चालवायला कोणीतरी हवं, असं कळताच तिने स्वतःहून नाव दिलं होतं.

चाळिसाव्या थांब्यानंतर सरांनी डबा उघडला.

"घे. कुखेन आहे, आलुबुखार घातलेला जर्मन केक."

"नको, सर. पोट भरलंय." मेल्या, तुझ्या हातचं पाणीसुद्धा नको, असं ती मनात म्हणाली.

"अजून राग आहे का गं माझ्यावर?"

"छे! कसला राग?"

"हं," सर म्हणाले आणि स्वतःच खात बसले.

पन्नासाव्या थांब्यापर्यंत ऊन चढलं होतं. शून्य आणि तेवीस. कोरिनने घड्याळ दाबलं. कुंपणाच्या खांबावर, अगदी समोर, चिमणी किरकिरायला लागली.

मिनिटभराने सर खिडकीशी आले.

"विचारू नये, मला माहीत आहे. पण खरं सांग. ती आहे का इथे? तीन वर्षं झाली, मला एकही ऐकू आलेली नाही. ती संपली की मी, तेच कळेना झालंय."

हो म्हटलं तर म्हातारा आजच निबंध मागे घेणार. ना सभा, ना नाचक्की. गप्प बसायची तर नियमाने मुभाच होती. पण इतकी वर्षं दात-ओठ खाऊन काढल्यावर नुसतं गप्प बसणं तिला पुरेना.

"नाही, सर," ती म्हणाली. "काही नाही इथे."

सरांनी मान हलवली. दुर्बीण डोळ्यांना लावली आणि कुंपणावरून सावकाश फिरवत नेली. एका जागी ती थांबली. खांबावरच्या चिमणीने मान मागे टाकली होती, चोच उघडली होती, गळा थरथरत होता. चोच मिटून पुन्हा उघडेपर्यंत सर पाहत राहिले.

"लिही," ते म्हणाले. "नाकतोडी चिमणी, एक. दिसली. गातेय."

घड्याळ वाजलं. कोरिनने तक्त्यात 'एक' लिहिला.

सर गाडीत येऊन बसले, दुखरा गुडघा हाताने उचलून आत घेतला आणि दार ओढलं.

"तुला नाही ऐकू आली?"

कोरिनने तक्ता मिटून मागच्या सीटवर ठेवला.

"माझं वय झालं," सर समोर बघत म्हणाले. "तुझं कुठे झालंय?"

तिने किल्लीला हात घातला.

"थांब. मांडीखालचा तो कागद काढ. सकाळपासून बघतोय, प्रत्येक थांब्यावर लिहितेस. पन्नासाव्याला काय मांडतेस, तेवढं बघू दे. मग निघू."

कोरिनने कागद काढून गुडघ्यावर ठेवला. शेवटची ओळ कोरी होती. खांबावर चिमणी पुन्हा गायला लागली आणि सर कोरिनच्या पेन्सिलीकडे बघत बसले.