सहा सुऱ्यांवरचं नाव

"तुमच्या बाया काल घेऊन गेल्या की पाच," तय्यबभाई हातातलं काम न थांबवता म्हणाले. "एक तुमची ठिवलीय. तुम्ही मागून जाणार म्हणं?"

कंधारच्या बसस्टँडमागं त्यांचा लोहारखाना आहे. गावातल्याच सरकारी दवाखान्यातली ड्यूटी संपवून मी तिथं उभी होते, खांद्याला पर्स आणि हातात रिकामा डबा. आमचा मैत्रिणींचा कॅम्प रद्द झाला होता, पण सुऱ्या सांगितल्या होत्या मी. आता सहाही मुकाट्यानं उचलायच्या, एवढंच डोक्यात होतं. कॅम्प रद्द झाल्याचं त्यातल्या बसम्मानं बुधवारी फोनवर सांगितलं होतं. "तंबूच मिळंनात बघ," म्हणाली. मी उलट तिचीच समजूत काढत बसले, वेड्यासारखी.

"काल कधी?" मी विचारलं.

"दुपारी. जीप भरून आल्त्या. लिंबोटीच्या धरणावर चालल्यात म्हणल्या. तंबू बी होते टपावर बांधलेले."

मी शेजारच्या पेटीवर बसले.

मी नांदेडहून येऊन-जाऊन नोकरी करते. तिथं आम्ही सहाजणी रोज सकाळी फिरायला जातो. धरणाच्या काठावर दोन दिवस राहायचं, आपल्या हातानं रांधून खायचं, ही टूम माझीच. सव्वीस वर्षं नर्सची नोकरी केली. रात्रपाळी सोडली तर हौसेनं एक रात्र घराबाहेर काढलेली नाही. बाकीच्यांनी तंबू, सतरंज्या, शिधा वाटून घेतला आणि सुऱ्या माझ्यावर टाकल्या. "तू रोज ब्लेड हाताळणारी," म्हणाल्या.

मला एक खोड आहे. काम दिलं की मी त्याचा पिच्छा पुरवते. मोबाईलवर बघितलं तर दोन-दोन हजारांच्या सुऱ्या, पाठीवर करवतीचे दात. आम्ही काय वाघ मारायला निघालो होतो? घडीचा चाकू बघितला. त्याचा स्क्रू ढिला झाला की ओल्या लाकडावर बोटाचा भरवसा नाही, आणि तसली बोटं मी आयुष्यभर शिवलीत. बाजारातल्या चकचकीत सुरीची धार तिसऱ्या कांद्याला गेली. शेवटी तय्यबभाई सापडले. ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यातून ते सुऱ्या घडवतात. मूठ बसवायच्या आधीचं उघडं पातं त्यांनी माझ्या हातात दिलं होतं.

"हे बघा सिस्टर, पातं मुठीच्या शेवटापातूर एकच हाय. काही लोकं आत अर्धंच घालतात. वरून दिसत न्हाई. जोर लावला की मूठ तुमच्या हातात अन् पातं लाकडात."

त्या पात्यानं मी सुताची दोरी कापली, लिंबाची फांदी तासली, मग पिकलेला टोमॅटो चिरला. साल कुठं दबली नाही. गंज चढतो, म्हणून वापरल्यावर पुसून तेलाचं बोट फिरवायचं, हेसुद्धा मी पाचजणींना दोन-दोनदा सांगितलं. साडेतीनशेत याहून चांगली सुरी मिळाली नसती. मला त्याचा केवढा अभिमान होता.

तय्यबभाईंच्या बायकोनं, सालेहाभाभींनी, आतून माझी सुरी आणली. भांड्यांवर नावं कोरायचं मशीन त्यांच्याकडं आहे. आमच्या भागात नाव टाकल्याशिवाय साधी वाटी घरात जात नाही. पात्यावर बारीक, सुबक अक्षरांत लिहिलं होतं, धम्मप्रिया.

"आर्डर तुमच्या नावाची म्हणून सहाच्या सहांवर तुमचंच टाकलं," भाभी म्हणाल्या. "चुकलं का हो?"

"त्यांनी बघितलं?"

"बघितलं की. ती उंच बाई म्हणली, असू द्या, उशीर होऊन राहिला."

उंच बाई म्हणजे बसम्मा. तिची दोन्ही बाळंतपणं माझ्या हातची. दुसऱ्या वेळी पोरगी रडेना, तेव्हा मी तिला उलटी धरून पाठीत चापट्या मारल्या होत्या, आणि ही कॉटवरून माझी साडी धरून बसली होती.

"मग तुम्ही कधी निघणार?" तय्यबभाईंनी विचारलं.

"जाते की," मी म्हणाले. त्यांच्यापुढं त्या पाचजणींची लाज मलाच वाटली.

सोमवारी मी मुद्दाम फिरायला गेले. चौघी भराभरा पुढं गेल्या. बसम्मा मागं राहिली.

"तंबू मिळाले म्हणं," मी म्हणाले.

तिनं चाल कमी केली. "मी लई भांडले गं. पुढं चालल्यात त्यातल्या दोघी म्हणल्या, चूल एकच, भांडी एकच, आम्हाला जमायचं न्हाई. तुला वाईट वाटंल म्हणून खोटं बोलले."

मी बौद्ध, ती लिंगायत. वीस वर्षांत हे शब्द आमच्यात काढायची वेळ आली नव्हती. माझ्या थर्मासमधला चहा ही झाकणातून प्यायची. त्या दोघींचं मला काहीच वाटलं नाही. हिचं लागलं, फार लागलं. भांडली म्हणते, आणि जीपमध्ये बसून गेली.

"सुरी कशी निघाली?"

"लई चांगली," ती पटकन म्हणाली. "दोन दिवस सगळं तिच्यावरच."

"माझ्या नावाच्या सुरीनं चिरलेलं चाललं त्यांना?"

तिनं पुढं गेलेल्या चौघींकडं बघितलं. मी तिथूनच घरी वळले.

आठवड्यानं दवाखान्यात असताना तय्यबभाईंचा फोन आला. आवाज दबलेला होता.

"सिस्टर, ती उंच बाई आलीय. पाची सुऱ्या घेऊन. वरचं नाव घासून द्या म्हणती. तुमचं नाव हाय, तुम्हाला इचारल्याबिगर कसं घासू? तुम्ही म्हणत असाल तर वापस पाठवतो."

वॉर्डात एक बाळ रडत होतं. मी खिडकीपाशी गेले. पर्समध्ये माझी सुरी फडक्यात गुंडाळलेली होती, तेल लावून. ती कुठं न्यायची, हे अजून ठरलं नव्हतं.

"बसम्माला ऐकू जातंय का?"

"न्हाई, बाहेर हाय ती."

"घासून द्या भाई," मी म्हणाले. "फक्त सावकाश घासा. पातं पातळ होऊ देऊ नका."

"हाव," तय्यबभाई म्हणाले. फोन बंद करायचा ते विसरले असावेत. मला सहाणेचं चाक सुरू झालेलं ऐकू आलं, आणि पहिली सुरी टेकेपर्यंत मी फोन कानालाच धरून उभी होते.